मुकादमाचं पुढे काय झालं

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी लिफ्ट मेकॅनिकने नव्या पुस्तकाचं तिसरं पान उलटलं, आणि त्याच्या थोरल्या मुलीने त्याला थांबवलं.

"बाबा, परत वाचा."

"काय परत?"

"घोड्याचं नाव."

मेकॅनिकने बोट दोन ओळी वर नेलं. "नावाड्याकडे एक आंधळा घोडा होता. घोडा चाक फिरवायचा, चाकाला दोर होता आणि दोराला नाव. सगळ्यांना कामाला लावतो म्हणून त्याला सगळे मुकादम म्हणत."

थोरलीच्या हातातला टॉवेल अर्ध्या घडीवर राहिला. मधला जमिनीवर आडवा होऊन मोबाईल बघत होता. त्याने मोबाईल उपडा ठेवला.

"हे आईचं पुस्तक आहे," थोरली म्हणाली.

खिडकीजवळच्या खुर्चीतून आई म्हणाली, "हो ना."

त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. आई आठ वर्षांपासून तेवढंच म्हणते. एका सोमवारी सकाळी लॉन्ड्रीच्या काउंटरवर कपड्यांच्या चिठ्ठ्या लिहिताना तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली. उजवा पाय बराचसा परत आला, उजवा हात थोडासा. शब्दांपैकी एवढे दोनच आले. भूक लागली तरी हो ना, राग आला तरी हो ना, नको असलं तरी हो नाच. फरक सुरात. थोरलीच्या मते घरात चौदा सूर ओळखता येतात, मधल्याच्या मते सतरा. मधल्याला आकडा वाढवून सांगायची खोड आहे.

तेव्हा थोरली अकरा वर्षांची होती, मधला आठ, आणि धाकटी तीन. आता धाकटी अकरा वर्षांची आहे.

वाचनाची वेळ दोन वर्षांपूर्वी ठरली. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं की घर गप्प ठेवू नका. रोज काहीतरी मोठ्याने वाचा. त्यांना किती कळेल ते मी सांगू शकत नाही, पण गप्प घर वाईट. मेकॅनिकने पहिले चार दिवस एकट्याने बायकोसमोर वर्तमानपत्र वाचलं. पाचव्या दिवशी त्याने मुलांना हाक मारली. "असं भिंतीला वाचून दाखवल्यासारखं होतंय. सगळे बसा."

सगळ्यांनी बसायचं तर सगळ्यांना चालेल असं पुस्तक हवं, आणि अडचण तिथेच होती. नियम तीस पानांचा होता. तीस पानांच्या आत एकानेही हात वर केला की पुस्तक परत जायचं. आईचं मत मानेवरून धरत. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं की तिचा हात वर. दोन वर्षांत अकरा पुस्तकं परत गेली. गुप्तहेराच्या पुस्तकात मधल्याने सव्विसाव्या पानावर खुनी सांगून टाकला आणि तो बरोबर निघाला. समुद्रातल्या प्राण्यांच्या पुस्तकात थोरलीला झोप लागली. एका पुस्तकात अठ्ठाविसाव्या पानावर दोघांचं प्रेम जमलं, तेव्हा धाकटीने कान झाकले आणि मधल्याला अचानक तहान लागली.

म्हणून त्या शनिवारी सकाळी मेकॅनिक वाचनालयात गेला तेव्हा ग्रंथपाल बाईंनी मान वर न करताच विचारलं, "तेच ना? अकरा, सोळा, एकोणीस?"

"आणि एक बेचाळीस."

"अहो, धाकटीच्या मापाचं दिलं तर थोरली जांभया देणार. थोरलीच्या मापाचं दिलं तर धाकटीला मधेच स्वयंपाकघरात पाठवावं लागणार."

"वाढत्या अंगाचं द्या."

बाई हसल्या. "किती पानांचं?"

"दोनशेच्या आसपास. एकवीस दिवस आहेत."

"म्हणजे थोरलीचं ठरलं?"

"एक तारखेला जाते. मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. बसने सहा तास." त्याने वाचनालयाचं कार्ड पुढे केलं. "तिच्यादेखत एखादं पुरं व्हावं म्हणतो. अर्धं टाकून गेली की अर्धंच राहतं."

पुस्तक निवडायची त्याची एक पद्धत होती. दोन कपाटांच्या मध्ये उभं राहून तो कुठलंही एक पान ओठ हलवत वाचायचा. तीनदा जीभ अडखळली की पुस्तक जागेवर. या पुस्तकात एकदाच अडखळली. वाचनालयाने त्याला तपकिरी कापडी बांधणी केली होती, वर चित्र नाही, नाव पुसलेलं, पाठीवर फक्त क्रमांक. दोनशे चौदा पानं. त्याने ते घेतलं.

आता थोरलीने ते त्याच्या हातातून घेतलं आणि शेवटचं पान उघडलं. परतीच्या तारखांच्या चिठ्ठ्या एकावर एक चिकटवलेल्या होत्या. सर्वांत खालच्या चिठ्ठीचा कोपरा तिने नखाने उचलला. आठ वर्षांपूर्वीची तारीख, आणि समोर त्यांच्याच घराच्या कार्डाचा क्रमांक.

"आई रोज सातला वाचायची," ती म्हणाली. "तुम्ही दुसऱ्या पाळीला असायचात."

मेकॅनिकला ते पुस्तक आठवलं. वाचलेलं नव्हे, उचललेलं. ती हॉस्पिटलमध्ये असताना दुसऱ्या आठवड्यात ते फ्रिजवर सापडलं होतं, मुदत संपत आली होती, आणि जाता जाता त्याने ते वाचनालयाच्या खिडकीत ठेवलं होतं. उघडलं नव्हतं.

त्याला आणखी एक गोष्ट आठवली. तो रात्री जेवायला बसला की बायको म्हणायची, "आज मुकादमाने सगळ्यांना रडवलं." तो समजायचा, लॉन्ड्रीतला कुणी मुकादम. त्या माणसाबद्दल त्याने बरेच महिने मनात अढी धरली होती.

"बाबा, वाचा ना," धाकटी म्हणाली.

पहिल्या चार संध्याकाळी सगळं सुरळीत गेलं. नदी, काठावरचं नावाड्याचं घर, नावाड्याच्या दोन नाती, आणि वरच्या अंगाला सुरू झालेलं पुलाचं काम. पूल झाला की नाव बंद, हे सगळ्या गावाला ठाऊक, घोड्याला सोडून. मधला पुढचं वाक्य आधी बोलून दाखवायचा आणि थोरली त्याला पायाने ढोसायची.

बुधवारी बावन्नाव्या पानावर मेकॅनिकने वाचलं, "सकाळी मुकादम उठला नाही. नावाड्याने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला."

"काहीतरी काय, बाबा!" मधला उठून बसला. "मुकादम कुठे मरतो? पुढे पूर येतो तेव्हा तोच तर सगळ्यांना..."

"छापलंय ते वाचतोय मी."

"दाखवा."

मधल्याने वाचलं. थोरलीने त्याच्या खांद्यावरून वाचलं, मग पुस्तक ओढून घेतलं आणि पुढची पानं चाळली. पूर नव्हता. घोडा नव्हता. थोरली नात शहरात शिकायला जात होती.

"आईने बदललं," ती सावकाश म्हणाली. "पण ती पुस्तकात बघूनच वाचायची. पानंसुद्धा उलटायची."

"म्हणजे आपल्याला थापा मारल्या?" मधला म्हणाला. "आई, आम्हाला उल्लू बनवलंस?"

"हो ना," आई म्हणाली. हा सूर चौदांत होता की सतरांत, यावर दोघांनी नंतर वाद घातला.

धाकटीने हात वर केला.

"तीस पानं उलटून गेलीत," मेकॅनिक म्हणाला.

"पुस्तक परत नाही करायचं. पण मला छापलेलं नको. आईचं हवं."

"ते मी कुठून आणू?"

"ताईला येतं."

"मलाही येतं," मधला म्हणाला.

"तुला काय येतं? तू निम्मा वेळ घोरत असायचास," थोरली म्हणाली.

"तुम्ही दोघं भांडताय," धाकटी म्हणाली, "कारण तुम्हाला आई बोललेली आठवते. मला नाही आठवत. मला निदान गोष्ट तरी द्या."

मेकॅनिक स्टुलावरून उठला, पुस्तक थोरलीच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः दाराजवळ जाऊन बसला.

त्या दिवसापासून थोरली वाचू लागली. बावन्नाव्या पानावर नजर ठेवून ती तिथे नसलेलं वाचायची, आणि अंदाजाने पान उलटायची. आईच्या गोष्टीत मुकादम सकाळी उठला, उशिरा उठला आणि उलट नावाड्यालाच हाका मारू लागला. पूर आला. नाव दोन दिवस वाहत गेली. ती कशी परत आणली, यावर मतभेद होता.

"घोडा पोहत गेला," मधला म्हणाला.

"तराफ्यावरून गेला. आंधळा घोडा पुरात पोहेल का?"

"आईचा होता, पोहेल. आई, पोहत ना?"

"हो ना."

"तराफ्यावरून ना गं, आई?"

"हो ना."

"बघ, ही दोघांचीच बाजू घेते. पहिल्यापासून अशीच."

आई हसली. तिचं हसू एका बाजूने येतं, पण येतं.

मेकॅनिक ऐकत राहायचा. लिफ्ट बिघडली की तो लगेच हत्यारांची पेटी उघडत नाही. आधी दरवाज्याच्या चौकटीला हात टेकून दोन फेऱ्या नुसत्या ऐकतो. रोलर, दोर, ब्रेक, जे झिजलं असेल ते कुठल्यातरी मजल्यावर बोलतं. इथे तो थोरलीच्या आवाजात दुसरा आवाज शोधत होता. "बरं का मंडळी," असं थोरली मधूनच म्हणायची. असं ती एरवी कधी बोलत नाही. म्हणजे ते बायकोचं. नावाडी चिडला की "झालं का समाधान?" म्हणायचा. तेही तिचंच, ते मात्र त्याने स्वतः बरेचदा ऐकून घेतलं होतं.

विसाव्या तारखेला गोष्टीत एक नवा माणूस आला. "आणि तो पिशवीवाला आजही उशिरा आला," थोरली वाचत होती. "खांद्यावर हत्यारांची पिशवी, पँटला ग्रीस. नाव सुटलेली. नावाडी म्हणाला, आता उद्या. पण मुकादमाने पिशवीचा खळखळाट ऐकला आणि चाक उलटं फिरवायला लागला. नाव परत काठाला. नावाडी ओरडतोय, झालं का समाधान? पण मुकादम कुणाचं ऐकतो? पिशवीवाला रोज उशिरा यायचा आणि मुकादम रोज एक फेरी जास्त मारायचा."

मेकॅनिकने विचारलं, "हा माणूस छापलेल्यात आहे?"

"नाही."

"बघ तरी."

"बाबा, मी सगळं चाळलंय. नाही." थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत नव्हतं? तो यायचा तेव्हा हा 'बाबा आले' म्हणून टाळ्या वाजवायचा."

"मी नाही वाजवायचो," मधला म्हणाला.

मेकॅनिकने बायकोकडे पाहिलं. ती खाली रस्त्यावर काहीतरी बघत होती.

महिन्याची तीस तारीख शुक्रवारी आली. थोरलीची बॅग दाराजवळ भरून ठेवली होती, वर प्लास्टिकच्या पिशवीत लॅबचा पांढरा कोट. जेवण लवकर उरकलं. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी तिने पुस्तक उघडलं. पूल पूर्ण झाला होता. लोक पायी पलीकडे जाऊ लागले होते. सात वाजून वीस मिनिटांनी ती एकशे एक्क्याण्णवाव्या पानावर आली.

"नावाड्याने दोर सोडला आणि गुंडाळून खांद्यावर टाकला. नाती म्हणाल्या, चल, मुकादम. पण मुकादम चाकापाशीच उभा राहिला. कान टवकारून. बरं का मंडळी, उद्या."

तिने पुस्तक मिटलं.

"उद्या कुठे, तू उद्या जाणार," धाकटी म्हणाली. "आज सांग."

"एवढंच आहे. तो रविवार होता. 'उद्या' म्हणाली आणि दिवा बंद केला. सोमवारी सकाळी..."

"मग तू जोड ना पुढचं. तुला येईल."

"येईल. पण मग ते माझं होईल, तिचं नाही."

"दादा?"

"मी तर घोरत होतो," मधला म्हणाला. ही थट्टा त्याला स्वतःलाच आवडली नसावी. तो मोबाईलशी चाळा करू लागला.

धाकटी उठली. तिने थोरलीच्या हातातून पुस्तक घेतलं, एकशे एक्क्याण्णवावं पान काढलं आणि ते आईच्या मांडीवर ठेवलं.

"आई, पुढे काय झालं?"

"हो ना."

"तसं नाही. पुस्तकातून."

"अगं, तिला त्रास नको देऊ," मेकॅनिक म्हणाला.

आईने डाव्या हाताने पुस्तक सरळ केलं. अक्षरं तिला ओळखू येतात की नाही, हे कुठल्याही तपासणीत नक्की झालेलं नाही. तिने पानाच्या वरच्या ओळीपाशी नजर आणली. घसा साफ केला.

"हो ना," ती म्हणाली. हा कुणाच्याच यादीतला सूर नव्हता. वाक्याची सुरुवात होती. मग "हो ना, हो ना" असं खालच्या पट्टीत, खरखरीत; नावाडी बोलत होता. मग दोन पातळ, घाईचे, नाती. मग बराच वेळ काही नाही. नजर ओळीवरून सरकत होती. मग एकच, लांब, खालून वर जाणारा. मधल्याने मोबाईल खिशात टाकला. थोरलीने तोंडावर हात धरला होता.

मेकॅनिक चौकटीला हात टेकून उभा होता. लग्नाला वीस वर्षं झाली होती, आणि बायकोला वाचताना तो पहिल्यांदा ऐकत होता.

तिने एक पान उलटलं. नाव काठाला लागली असावी, किंवा सुटली असावी. आवाज हळू झाला, एका जागी घुटमळला, पुन्हा चालू लागला. सात वाजून एकतीस मिनिटांनी तिने पुस्तक मिटलं आणि दोन शब्द म्हणाली, आखूड, खाली उतरणारे.

थोरली उठली आणि दिव्याच्या बटणापर्यंत गेली. तिथे थांबून म्हणाली, "ती 'उद्या' म्हणाली."

"मुकादम पुलावर चढला," मधला म्हणाला. "लाकडावर टापा वाजल्या, ऐकलं ना?"

"नाही रे. तो अजून काठावरच आहे. वाट बघतोय."

"कुणाची?"

धाकटी म्हणाली, "मला सगळं कळलं." पण काय कळलं ते सांगायला ती तयार नव्हती.

"रोज असंच वाचायची?" मेकॅनिकने विचारलं.

"जवळजवळ," थोरली म्हणाली.

शनिवारी सकाळी सव्वाआठच्या बसने ती गेली. आईला खाली आणणं जमलं नाही. ती खिडकीत होती.

त्यानंतर आई रोज साडेसहाला वाचते. एका बैठकीत अर्धं पान, फार तर एक. थोरली ड्यूटी संपली की फोन लावते आणि मधला तो आईच्या खुर्चीच्या हातावर ठेवतो. दोन दिवस तिची ड्यूटी लांबली आणि एकशे चौऱ्याण्णवावं आणि सत्त्याण्णवावं पान तिचं हुकलं. तिने धाकटीला विचारलं, काय झालं गं त्यात? धाकटी म्हणाली, "ते सांगता येत नाही, ताई. ऐकावंच लागतं." थोरली चिडली. मग म्हणाली, बरं.

थेरपिस्ट बाईंना कळवलं आहे. त्यांनी फाइलमध्ये 'वाचनात सहभाग' अशी नोंद केली आणि फार आशा धरू नका असं सांगितलं. ग्रंथपाल बाईंनी पुस्तकाची मुदत वाढवून दिली. पुढचं कुठलं काढून ठेवू, असं त्यांनी विचारलं तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "सध्या हेच चालू आहे."

काल, गुरुवारी, आई दोनशे दोनाव्या पानावर होती. तिथे तिने अंगठ्याने दोन पानं एकदम उलटली आणि दोनशे सहावर वाचायला लागली. चुकून उलटली की मुद्दाम गाळली, हे कळायला मार्ग नाही. मधला पुढे झुकला होता. मेकॅनिकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फोनमधून थोरली विचारत होती, काय झालं, थांबली का?

"नाही," मेकॅनिक म्हणाला. "वाचतेय."

आठ पानं उरली आहेत.